जीनोम वाचून झाला, मग आता मुलीने त्यात करायचं काय?

ताई, सप्रेम नमस्कार.

लेक अकरावीत आहे, तिला जीनोम संशोधनात जायचंय, आणि ‘नीट’साठी गणित सोडा असं क्लासचे सर म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. शिवाय तुमच्या दिरांचा प्रश्न आहे : मानवी जीनोम २००३ मध्येच वाचून झाला, मग काम उरलंय कुठे?

आधी गणिताचं. कृपा करून सोडू देऊ नका.

जीनोम म्हणजे आपल्या पेशीतल्या डीएनएचा सगळा मजकूर. तो ए, टी, जी, सी या चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो, आणि माणसाच्या जीनोममध्ये अशी सुमारे ३ अब्ज अक्षरं असतात. १९९० साली तो वाचण्याचा प्रकल्प सुरू झाला, तेव्हा सँगर या डीएनए वाचण्याच्या जुन्या पद्धतीने एका वेळी काही शे अक्षरंच वाचता येत. त्यात जवळपास निम्मा मजकूर पुन्हा पुन्हा येणारा. अभंगांची वही फाडली आणि हातात फक्त ध्रुवपदाची ओळ आली, तर ती कुठल्या पानावरची हे कसं सांगणार? म्हणून आधी नकाशा केला. डीएनएचे एक-दोन लाख अक्षरांचे तुकडे जिवाणूंमध्ये घालून वाढवले, विकरांनी (डीएनए कापणाऱ्या प्रथिनांनी) कापून प्रत्येकाचा ठसा घेतला, आणि ठसे जुळवून कोण कोणाचा शेजारी ते ठरवलं. मग एकेक तुकडा वाचायला घेतला.

हे झालं प्रयोगशाळेतलं काम. पण वाचलेले लाखो तुकडे जोडणार कोण? २००० साली सांताक्रूझच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जिम केंट नावाचा विद्यार्थी होता. आधी तो अ‍ॅनिमेशनची सॉफ्टवेअर लिहायचा, मग जीवशास्त्रात पीएचडी करायला आला. त्याने महिनाभरात जुळणीचा प्रोग्रॅम लिहिला आणि त्या सरकारी पैशांवरच्या प्रकल्पाचा पहिला मसुदा त्यातून उभा राहिला. या क्षेत्राला अशी, जीवशास्त्र आणि गणित-संगणक, दोन्हीकडची माणसं लागतात, आणि ती आजही कमी पडतात.

आता दिरांना सांगा : २००३ मध्ये सुमारे ८ टक्के भाग वाचायचा राहिला होता. तो २०२२ मध्ये पूर्ण झाला. पण खरं काम त्याच्या पुढचं आहे. त्या संदर्भ जीनोमचा, म्हणजे बाकीचे जीनोम ज्याच्याशी ताडून बघतात त्या नमुन्याचा, मोठा हिस्सा अमेरिकेतल्या बफेलोच्या एकाच दात्याचा होता. आपल्या लोकांमधले फरक त्यात कुठून दिसणार? म्हणून ‘जीनोम इंडिया’ या सरकारी प्रकल्पात १०,००० भारतीयांचे जीनोम वाचले गेले. ती माहिती फरिदाबादच्या भारतीय जैविक डेटा केंद्रात आहे आणि जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली. वाचणं आता स्वस्त झालंय. सापडलेल्या लाखो फरकांपैकी रोगाशी संबंध कोणत्या फरकाचा, हे ठरवणं अवघड आहे, आणि तुमच्या लेकीला काम मिळेल ते तिथे.

वाट सांगते. भौतिक, रसायन, जीव आणि गणित, चारही ठेवू द्या. ‘नीट’ देता येईलच, आणि ‘आयसर’च्या (केंद्राच्या विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थांच्या) प्रवेश परीक्षेत चारही विषयांचे प्रश्न असतात. पुण्याच्या ‘आयसर’मध्ये पाच वर्षांचा बीएस-एमएस आहे. तिथे नाही जमलं तर जवळच्या चांगल्या कॉलेजात बीएस्सी, आणि नंतर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात बायोइन्फॉर्मेटिक्सची, म्हणजे संगणकाने जैविक माहिती तपासण्याच्या शास्त्राची, एमएस्सी. ही वाट मला अजिबात दुय्यम वाटत नाही.

पैशाचंही स्पष्ट सांगते. पीएचडी धरून दहा-अकरा वर्षं लागतात. केंद्राची कनिष्ठ संशोधन फेलोशिप सध्या दरमहा ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. पंचविशीतला इंजिनिअर भाऊ जास्त कमावत असेल, ते घरात सगळ्यांनी आधीच समजून घ्या. नंतर तिला ऐकवू नका.

आणि एवढं तिला या सुट्टीत करू द्या. सांताक्रूझच्या विद्यापीठाचा जीनोम ब्राउझर, म्हणजे जीनोम चाळून बघायची वेबसाइट, फुकट आहे. त्यात ११व्या गुणसूत्रावरचं ‘एचबीबी’ जनुक शोधायचं. आई आणि वडील दोघांकडून आलेल्या त्याच्या प्रतींत एक ठरावीक अक्षर बदललेलं असलं की सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार होतो, जो गडचिरोली-नंदुरबारकडे घराघरांत माहीत आहे. ते अक्षर तिने स्वतः शोधावं, जोडीला पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला घ्यावी. दोन महिन्यांनी तिचा रस टिकला का ते मला तिनेच लिहून कळवावं. क्लास बदलायचा की नाही, हे त्यानंतर ठरवू.