हो ची मिन्ह मार्ग सायकलने: गाईड घ्यावा का?

तुम्ही विचारलंय, पुणे-गोवा एकदा झालंय, आता व्हिएतनाममध्ये फोंग न्या ते कोन तुम करायचंय, तर गाईड आणि व्हॅन असलेली टूर घ्यावी की आपलं आपण जावं? पहिलीच खेप असेल तर टूर घ्या. मात्र पैसे भरण्याआधी एक गोष्ट विचारा: फोंग न्या ते खे सान्ह हा पश्चिमेकडचा फाटा सायकलवर करायला देतात, की व्हॅनमध्ये बसवून नेतात?

सगळ्या मार्गाचा जीव त्या सुमारे 230 किलोमीटरमध्ये आहे. लाओसच्या सीमेलगतचं जंगल, सिमेंटचा अरुंद रस्ता, रहदारी जवळजवळ नाही. चढ छोटे पण खडे, एकामागून एक. सावलीत सिमेंटवर शेवाळ धरतं, तिथे उतारावर ब्रेक दाबला की सायकल घसरलीच. दुकानं आणि मुक्काम मोजकेच, त्यामुळे व्हॅन लागतेच. आमची व्हॅन एकदा जेवणाच्या जागी पुढे निघून गेली, आम्ही दोघं मागे राहिलो, फोनला रेंज नाही, पाणी संपलेलं. ब्रू-व्हान किऊ लोकांच्या एका पाड्यावर उकळलेलं पाणी मिळालं म्हणून निभावलं. तेव्हा व्हॅन शेवटच्या माणसाच्या मागे राहते ना, हेही विचारून घ्या.

आज आपण चालवतो तो महामार्ग 2000 साली बांधायला घेतला. अमेरिकेशी झालेल्या व्हिएतनाम युद्धातला मार्ग म्हणजे एक रस्ता नव्हताच. 1959 च्या मे महिन्यात स्थापन झालेल्या उत्तर व्हिएतनामच्या 559 क्रमांकाच्या लष्करी दलाने त्रुओंग सोन डोंगरांतून पायवाटांचं आणि पुढे ट्रकच्या रस्त्यांचं जाळं विणलं, त्यातलं बरंचसं लाओसमध्ये. सुरुवातीच्या काळात माल सायकलवरूनही जायचा. हँडलला बांबू बांधून लांब करायचा, सीटमागे दुसरा उभा करायचा आणि दोनशे किलोच्या आसपास ओझं लादून ती चालत ढकलायची. फ्रेंचांविरुद्धच्या दिएन बिएन फूच्या लढाईतही, 1954 साली, रसद अशीच पोचली होती. खे सान्हचा चढ चढताना मला तेच आठवत होतं, आणि माझ्या सायकलवर पाण्याच्या दोन बाटल्या होत्या.

गाईडचा खरा उपयोग इथे होतो. वाट वाकडी करून त्रुओंग सोनच्या लष्करी दफनभूमीत न्यायला सांगा. दहा हजारांहून जास्त कबरी आहेत. आमच्या गाईडने तिथे उदबत्त्या लावल्या, आम्हालाही लावायला दिल्या. पुढचा तासभर कुणी बोललं नाही.

खे सान्ह ज्यात येतं त्या क्वांग त्री प्रांतात युद्धातले न फुटलेले बॉम्ब अजून जमिनीत आहेत. लघवीलासुद्धा रस्ता सोडून झाडीत शिरू नका, यात अपवाद नाही.

फेब्रुवारी शेवट ते एप्रिल हा काळ बरा. सप्टेंबर ते नोव्हेंबर मध्य व्हिएतनाममध्ये वादळं आणि पूर. तेतच्या, म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या, आठवड्यात खानावळी बंद असतात. शाकाहारी असाल तर ‘आन चाय’ हे दोन शब्द पाठ करा, आणि माशाचं सॉस घालू नका हे गाईडकडून आधीच सांगवून घ्या. मागच्या चाकाच्या कॅसेटमध्ये, म्हणजे गिअरच्या दातेरी चकत्यांमध्ये, सगळ्यात मोठी किमान 34 दातांची हवी. खाम डुकच्या पुढचा लो सो घाट लांबलचक आहे, तिथे ती लागेल.

टूरवाल्यांचं दिवसवार वेळापत्रक इथे टाका, कोणत्या दिवशी व्हॅनमध्ये बसवणार ते बघून सांगतो.