शिरस्त्राण कुठे आहे ते आधी बघ

चि. बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ग्रीक-रोमन कला आणि साहित्याच्या मॉकचे, म्हणजे सराव परीक्षेचे, दोन्ही पेपर आणि फ्लॅशकार्डांचे फोटो मिळाले. कार्डं सुरेख केली आहेस. सालं बरोबर आहेत: न्यूयॉर्कचा कूरोस, म्हणजे उभ्या नग्न तरुणाचा ग्रीक पुतळा, इ.स.पू. ५९० च्या आसपासचा, अनाविसोसचा ५३० चा, क्रिटिओस बॉय हा पुतळा ४८० चा. व्हर्जिलच्या ‘ईनिड’च्या बाराही सर्गांचा सारांश आहे, होमरच्या ‘इलियड’मधल्या पात्रांची वंशावळसुद्धा आहे. एवढं पाठ असूनही सरांनी समासात ‘उत्तर मोघम आहे’ असा शेरा मारला म्हणून तू हिरमुसलीस, आणि मला विचारतेस, मावशी, पेपर मेमध्ये सुरू होतात, आता आणखी काय पाठ करू?

काही नको. पाठांतर पुरे. तुझे सर बरोबर आहेत, आणि हे तुला पटकन पटणार नाही म्हणून फोन न करता लिहिते आहे. तू ठाण्याच्या शाळेतून इंग्लंडला आलीस तेव्हा चांगली सहावी पास होतीस, मराठी सरसर वाचतेस. पण हे पत्र सरसर वाचू नकोस.

तू लिहिलं आहेस, ‘क्रिटिओस बॉय हा आधीच्या कूरोसांपेक्षा अधिक नैसर्गिक आणि जिवंत वाटतो.’ हे वाक्य तू पुतळ्याकडे न बघता लिहिलंस. मला कसं कळलं? त्या वाक्यात पुतळाच नाही. पुढच्या शंभर वर्षांतल्या कुठल्याही पुतळ्याखाली ते चिकटवता येईल. आता असं कर. आरशासमोर उभी राहा, डावा पाय पुढे टाक, दोन्ही पायांवर सारखं वजन दे. झालीस कूरोस. मग सगळं वजन डाव्या पायावर घे, उजवा गुडघा जरा सैल सोड, आणि दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेव. डावा हात वर गेला, उजवा खाली आला. गेला ना? क्रिटिओस बॉयचा डावा खुबा असाच वर आहे, उजवा खाली आहे, आणि डोकं किंचित त्याच्या उजवीकडे वळलेलं आहे. अनाविसोसच्या कूरोसच्या मांड्या भरीव आहेत, गाल गोल आहेत, न्यूयॉर्कच्या कूरोसपेक्षा त्याच्या अंगात कितीतरी जास्त मांस आहे. पण त्याचे दोन्ही खुबे एका रेषेत आहेत. तो पाऊल टाकतो आणि ते पाऊल त्याच्या अंगाला कळत नाही. एवढंच लिही. ‘नैसर्गिक’ हा शब्द एकदाही वापरू नकोस, परीक्षकाला तो आपोआप सुचेल.

आधी बघ, मग लिही. माझ्याकडे सांगण्यासारखं हे एकच आहे आणि मी ते तुला कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे.

हे सांगताना, मी ज्या शाळेत हाच विषय शिकवायचे तिथल्या बैठका मला आठवतात. मी एका तासाला एकच ग्रीक भांडं घ्यायचे. पहिली दहा मिनिटं कोणी बोलायचं नाही, कोणी लिहायचं नाही, फक्त मोठ्या केलेल्या चित्राकडे बघायचं. दुसऱ्या वर्गाची यादी निम्मी व्हायची तेव्हा आमची चार भांडी झालेली असायची. पालक तक्रार करायचे. विभागप्रमुख म्हणायचे की छापील नोट्स वाटा, मुलांचा वेळ वाचेल. मी वाटल्या नाहीत. मला आडमुठी म्हटलं गेलं, आणि पुढे मुलं कमी झाली म्हणून विषय बंद झाला तेव्हा त्याचं खापर माझ्या संथपणावर फोडलं गेलं. फोडू दे. ज्या मुलीने एक अँफोरा, म्हणजे दोन कानांचं उंच भांडं, अर्धा तास बघितला आहे तिला परीक्षेत अनोळखी भांड्याचं चित्र आलं तरी घाम फुटत नाही. जिने चाळीस भांड्यांच्या नोट्स पाठ केल्या आहेत तिला एकेचाळिसाव्याला फुटतो. हे मी त्यांना तेव्हाही सांगितलं होतं आणि आजही त्यातला एक शब्द मागे घेणार नाही.

असो. तुझ्याच यादीतलं भांडं घेऊ. चित्रकार एक्सेकियासचा अँफोरा, ब्रिटिश म्युझियममधला, इ.स.पू. ५४० ते ५३० च्या दरम्यानचा. ट्रॉयच्या युद्धातला ग्रीक वीर अकिलीस अ‍ॅमेझॉन स्त्रियांच्या राणीला, पेन्थेसिलियाला, मारतो आहे. तुझ्या कार्डावर काय आहे? ‘काळ्या आकृतींची शैली, कोरीव रेषा, स्त्रियांची त्वचा पांढरी, भावनिक तीव्रता.’ पहिल्या तीन गोष्टी ठीक. चौथी कुठून आणलीस? गाईडातून. भांड्यात ती कुठे आहे हे दाखव मला.

मीच दाखवते, या एकदाच. अकिलीस डावीकडून तिच्यावर चालून आला आहे. त्याचं शिरस्त्राण तोंडावर घट्ट ओढलेलं आहे, चेहऱ्याच्या जागी काळं धातूचं कवच आणि त्यात एक डोळा. तिचं शिरस्त्राण मागे सरकलं आहे. त्यामुळे तिचा पांढरा चेहरा उघडा पडला, गळा उघडा पडला, आणि भाल्याचं टोक नेमकं त्या गळ्यात शिरलं आहे. ती खाली कोसळते आहे आणि मान वळवून वर बघते आहे. दोघांचे डोळे एका तिरक्या रेषेवर येतात. त्याच क्षणी तो तिच्या प्रेमात पडला, अशी कथा आपल्याला नंतरच्या काळातून मिळते. भांड्यावर प्रेमाबिमाचं काही लिहिलेलं नाही, नावं लिहिलेली आहेत. चित्रकाराने फक्त एक शिरस्त्राण झाकलेलं आणि एक उघडं ठेवलं. तुझी ‘भावनिक तीव्रता’ तिथे आहे, त्या दोन शिरस्त्राणांत. हे दिसलं की पांढऱ्या त्वचेचा मुद्दासुद्धा नुसती रीत म्हणून लिहायची गरज उरत नाही. काळ्याच्या शेजारी पांढरं आल्यामुळे कोण मरणार हे लांबूनही कळतं.

आता साहित्याचा पेपर. तिथे तर मला तुझा रागच आला. ‘इलियड’च्या चोविसाव्या सर्गावर तू लिहितेस, ‘शेवटी अकिलीस पुन्हा माणूस बनतो.’ असं वाक्य लिहायला सर्ग वाचावा लागत नाही. सर्ग उघड. ट्रॉयचा म्हातारा राजा प्रायम, अकिलीसने मारलेल्या हेक्टरचा बाप, प्रेत मागायला अकिलीसकडे येतो, गुडघे धरतो, ज्या हातांनी त्याची मुलं मारली त्याच हातांचं चुंबन घेतो. अकिलीस म्हाताऱ्याला हाताला धरून हलकेच बाजूला करतो, मग दोघं रडतात: प्रायम हेक्टरसाठी, अकिलीस आधी स्वतःच्या बापासाठी आणि मग मारल्या गेलेल्या मित्रासाठी, पॅट्रोक्लससाठी. इथपर्यंत तुझं बरोबर. पण पान उलट. प्रायम म्हणतो, मला बसायला सांगू नकोस, आधी माझा मुलगा दे. त्यावर अकिलीस भडकतो. मला डिवचू नकोस म्हातारबा, असं बजावतो. आणि हेक्टरचं प्रेत दासींकडून प्रायमच्या नजरेआड धुऊन घ्यायला सांगतो. का? ते बघून बापाचा संताप उफाळला तर आपलाही उफाळेल आणि आपण याला मारून टाकू, ही त्याला धास्ती आहे. त्याचा राग गेलेला नाही. तो आपल्या रागाला ओळखायला लागला आहे. या चार-सहा ओळींवर तीस मार्कांचा निबंध उभा राहतो, आणि तू त्या ओळी सारांशात गाळल्यास, कारण सारांशात असल्या ओळी बसतच नाहीत.

याच प्रसंगाकडे व्हर्जिल कसा वळून बघतो ते पाहिलंस का? ‘ईनिड’च्या पहिल्या सर्गात ट्रॉयचा वीर ईनियास कार्थेजमध्ये जूनोच्या नव्या देवळापाशी उभा आहे. भिंतींवर ट्रॉयच्या युद्धाची चित्रं. तो आपल्या सोबत्याला, अखातीसला, दाखवत जातो आणि रडतो. त्यात हेक्टरचं प्रेतही आहे, आणि तिथे अकिलीस ते सोनं घेऊन विकतो आहे. विकतो! होमरच्या अकिलीसनेही खंडणी घेतली, पण त्याने आपल्या हातांनी प्रेत उचलून ठेवलं, प्रायमला जेवू घातलं, अंत्यविधीसाठी लढाई थांबवायचं कबूल केलं. त्यातलं काहीही या भिंतीवर नाही. ते चित्रात नव्हतं, की ट्रॉयमधून जीव घेऊन पळालेल्या माणसाला ते दिसू शकलं नाही? यावर तुझं मत हवं आहे मला, गाईडाचं नको. आणि त्या भिंतीवरचं शेवटचं चित्र कोणाचं? पेन्थेसिलियाचं. तो तिच्याकडे टक लावून बघत असतानाच कार्थेजची राणी डायडो देवळात येते. तुझे दोन पेपर वेगळे आहेत असं तू मानून बसली आहेस. ते तुझ्या टाइमटेबलवर वेगळे आहेत, एवढंच.

सहाव्या सर्गात तर तुझीच गोष्ट आहे. क्युमीच्या अपोलोच्या देवळाची दारं कारागीर डीडॅलसने घडवली आहेत. आपल्या मुलाचं, इकॅरसचं, आकाशातून पडणं सोन्यात कोरायला त्याने दोनदा घेतलं आणि दोन्ही वेळा बापाचे हात गळाले. ईनियास आणि त्याची माणसं ते सगळं वाचत राहिली असती. पण देवळाची पुजारीण सिबिल येते आणि सांगते की ही असली दृश्यं बघत बसायची ही वेळ नव्हे. तुला आज प्रत्येक जण हेच सांगतो आहे. आई सांगते, शिकवणीवाला सांगतो, यूट्यूबवरचा तो घाईघाईत बोलणारा मुलगा सांगतो. मी सांगते, हीच वेळ आहे.

विद्वानांची नावं आणि मतं हवीत का, असं विचारलंस. मोठ्या निबंधाला हवीत, मार्कयोजनेतच आहे, त्यावर वाद घालत नाही. पण आधी तुझं बघणं, मग त्यांचं मत. तुला जे दिसलं त्याच्याशी ज्याचं पटतं असा एक आणि ज्याचं पटत नाही असा एक, दोघं पुष्कळ झाले. तुझ्या मॉकमध्ये एका परिच्छेदात तिघं आले आहेत आणि तू कुठेच नाहीस.

माझी खंत विचारशील तर ती एकच आहे. मला ग्रीक शिकता आलं नाही. नोकरी, घर, संध्याकाळचे वर्ग लांब, राहून गेलं. जन्मभर होमर अनुवादातून वाचला, आणि प्रत्येक वेळी वाटत राहिलं की मी काचेतून बघते आहे. म्हणूनच असेल, जे काचेशिवाय बघता येतं त्याबद्दल मी इतकी हट्टी झाले. तुला ब्रिटिश म्युझियम ट्यूबने तासाभराच्या आत आहे आणि तिकीट लागत नाही. आणि तू मोबाइलवर फोटो बघतेस!

तेव्हा रिव्हिजन अशी कर. रोज एक वस्तू वहीत काढायची. चित्रकला येत नाही ही सबब चालणार नाही, चित्र मला भिंतीवर लावायचं नाहीये. हात रेघ ओढायला लागला की डोळ्याला कोपर कुठे आहे ते शोधावंच लागतं. खाली तीन वाक्यं, फक्त जे दिसतं ते. रोज महाकाव्याचं एक पान मोठ्याने वाचायचं. भांडी भाजण्याची कृती एकदा नीट समजून घे आणि सोडून दे: भट्टीत आधी हवा, मग हवा बंद करून धूर, मग पुन्हा हवा, लेप दिलेला भाग काळाच राहतो आणि उघडी माती परत तांबडी होते. ती वहीत दोन ओळींची गोष्ट आहे, तिच्यावर सहा कार्डं कशाला?

शनिवारी म्युझियममध्ये जा. आधी वेबसाइटवर अठरा नंबरचं दालन उघडं आहे ना ते बघ. अथेन्सच्या पार्थेनॉन देवळाची फ्रीझ, म्हणजे भिंतीच्या वरची कोरीव पट्टी, मूळची सुमारे १६० मीटर लांब, त्यातली जवळजवळ निम्मी तिथे आहे. तू फक्त घोडेस्वारांचा एक दगड निवड. समोरून बघून झालं की जमिनीवर बसून खालून बघ. मूळ जागी ती जमिनीपासून सुमारे बारा मीटर उंच होती, आणि खालून बघणाऱ्यासाठी कारागिरांनी वरचा भाग खालच्यापेक्षा जास्त खोल कोरला. डोकी तळापेक्षा किती पुढे येतात ते बाजूने मान वाकडी करून बघ. पहारेकरी बघत असतील तर बघू दे. मग पेडिमेंटच्या, म्हणजे छपराखालच्या तिकोनी भागातल्या, पुतळ्यांच्या मागे जा. तिथे जाता येतं आणि फार कोणी जात नाही. देवळावर असताना ज्या पाठी कोणाला दिसणार नव्हत्या, त्यासुद्धा कोरलेल्या आहेत. का, ते मला लिहून पाठव.

पेन्सिल ने, पेन नको. आईला सोबत नेऊ नकोस, ती तासाभरात कॅफेत जाऊ या म्हणेल. क्रिटिओस बॉयचं उत्तर पुन्हा लिहून रविवारी रात्रीपर्यंत पाठव, हाताने लिहिलेलं. आणि त्या चोविसाव्या सर्गाचंही.

तुझी,
मावशी