पत्रकार असताना माध्यमांचीच चिकित्सा कशी करता येते? पी. साईनाथ यांचे उदाहरण

१९८० मध्ये यूएनआय वृत्तसंस्था, मग मुंबईच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकात सुमारे दहा वर्षे, २००४ ते २०१४ ‘द हिंदू’चे ग्रामीण संपादक, मध्ये २००७ चा मॅगसेसे पुरस्कार. हा झाला प्रवास. शिकण्याजोगी आहे ती २००९ ची ‘पेड न्यूज’ची, म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेल्या प्रचाराची, शोधपत्रकारिता.

त्या वर्षीच्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत एकाच उमेदवाराचे गोडवे गाणारा एकच मजकूर, अगदी शब्दशः, वेगवेगळ्या मराठी दैनिकांत छापून आला, कुठे तर बातमीदाराच्या नावानिशी. दुसरीकडे उमेदवाराच्या खर्चाच्या हिशेबात वृत्तपत्रीय जाहिरातींचा आकडा होता फक्त ५,३७९ रुपये. साईनाथ यांनी हे दोन कागद शेजारी ठेवले. पद्धत एवढीच, पण पक्की.

तुम्हालाही करता येईल. प्रचारकाळातले छापील अंक आवृत्ती व तारखेसह जपा. ई-पेपरवर विसंबू नका, जुनी पाने नंतर सापडतीलच असे नाही. निकालानंतर ३० दिवसांत उमेदवाराला जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे हिशेब द्यावा लागतो, त्याची प्रत मागा.

चूक होते ती निष्कर्षात. सारखा मजकूर म्हणजे पैसे घेतलेच, असे नाही. आळसाने प्रसिद्धिपत्रक जसेच्या तसे छापणेही सर्रास चालते. मात्र तोच मजकूर दोन दैनिकांत दोन वेगळ्या बातमीदारांच्या नावाने आला, तर खुलासा मागायलाच हवा. व्यवहाराचा पुरावा हाती नसेल तर ‘विसंगती’ लिहा, ‘लाच’ नव्हे.