ऑगस्टमध्येच खेळणारा काउंटीपटू

प्रश्न : मी अंबडच्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो आणि सुट्टी मिळेल तेव्हा क्लबकडून खेळतो. एका जुन्या इंग्लिश काउंटी खेळाडूची (तिकडच्या परगण्याच्या संघाकडून खेळलेल्या) आकडेवारी पाहिली. सात-आठ हंगामांत मोजके सामने, तेही जवळपास सगळे ऑगस्टमधले, सरासरी विसाच्या आत. नावासमोर ‘अमॅच्युअर’ (हौशी) असं लिहिलंय. सर, असा माणूस संघात यायचा कसा? आणि त्याला काउंटीपटू म्हणायचं का?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : म्हणायचंच. ऑगस्ट वाचून मला तर वाटतं, तो शाळामास्तर असावा. तिकडच्या शाळांना उन्हाळी सुट्टी लागते जुलैच्या अखेरीस. काउंटीचा सामना तीन दिवसांचा, तोही बहुतेक कामाच्या वारी, वर रेल्वेचा प्रवास. अमॅच्युअरला खर्च मिळे, मानधन नाही. घरचं बरं असेल तो मेपासून, म्हणजे हंगामाच्या सुरुवातीपासून, खेळे. बाकीच्यांनी रजा कुठून आणायची? शाळा-विद्यापीठात चमकलेली कितीतरी मुलं नोकरीला लागताच या खेळातून गेली. मी स्वतः शाळेत शिकवायचो आणि सुट्टी लागली की गोल्फ क्लब मैदानावर क्रिकेटच्या स्कोअरिंगला बसायचो, त्यामुळे या मास्तरांबद्दल मला फार आपुलकी आहे.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी. असा मास्तर ऑगस्टमध्ये आला की मेपासून राबलेला एखादा व्यावसायिक खेळाडू बाहेर बसे आणि त्याचे सामन्याचे पैसे जात. भेद तेवढ्यावर थांबत नव्हता. ड्रेसिंग रूम वेगळी, अनेक मैदानांवर आत उतरायचं फाटकही वेगळं. छापील स्कोअरकार्डावर अमॅच्युअरची आद्याक्षरं आडनावाआधी, व्यावसायिकाची नंतर. मिडलसेक्सचा व्यावसायिक फ्रेड टिटमस नवा असताना त्याची आद्याक्षरं चुकून आधी छापली गेली, तर लॉर्ड्सवर ध्वनिक्षेपकावरून दुरुस्ती जाहीर केली! तरुण पोराला मैदानात उतरताना हे ऐकावं लागलं, याचा मला आजही राग येतो.

कर्णधारही अमॅच्युअरच हवा, हा दंडक. वॉली हॅमंडसारखा फलंदाज 1938 मध्ये अमॅच्युअर झाला, तेव्हाच इंग्लंडचा कर्णधार होऊ शकला. व्यावसायिक लेन हटनला तो मान मिळाला 1952 मध्ये, आपल्याविरुद्ध. हेडिंग्लीची तीच कसोटी, जिच्यात दुसऱ्या डावात आपली अवस्था शून्यावर चार बाद झाली होती. तरीही हटनच्या स्वतःच्या काउंटीने, यॉर्कशायरने, त्याला कधी कर्णधार केलं नाही. पुढे पुढे काउंट्या चांगल्या अमॅच्युअरला सेक्रेटरीची नोकरी देऊन सांभाळू लागल्या. एसेक्सचा ट्रेव्हर बेली तसाच. अखेर नोव्हेंबर 1962 मध्ये काउंट्यांच्या सल्लागार समितीने हा भेदच रद्द करायचं ठरवलं आणि जानेवारी 1963 मध्ये एमसीसीने, म्हणजे तिकडच्या क्रिकेटचा कारभार पाहणाऱ्या मेरिलबोन क्रिकेट क्लबने, त्याला मान्यता दिली.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर प्रा. दि. ब. देवधर. पुण्यात संस्कृत शिकवायचे आणि 1926 मध्ये एमसीसीविरुद्ध त्यांनी 148 धावा केल्या. त्या एमसीसी संघाचा कर्णधार आर्थर गिलिगन हा ससेक्सचा अमॅच्युअर.

आता सरासरीचं. मे-जूनमध्ये काउंटीचा एकही सामना न खेळता हा माणूस थेट ऑगस्टमध्ये उतरायचा, आणि समोर यॉर्कशायर असेल तर चेंडू ऱ्होड्स किंवा व्हेरिटीसारख्या कसलेल्या फिरकीपटूच्या हातात. रात्रपाळी करून, कंपनीचं ओळखपत्र गळ्यात तसंच ठेवून पॅड बांधणारी मुलं मी स्कोअररच्या टेबलावरून पाहतो. पहिले दहा चेंडू त्यांना कसे जातात, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्या या खेळाडूचे सामने कोणत्या तारखांना आणि कोणाविरुद्ध होते ते काढा आणि मला पाठवा. एखादी तिशी-चाळिशी भल्या गोलंदाजीसमोर केलेली सापडली, तर त्याच्यावर पुढच्या अंकात लिहीन.