हॉलमधली चादर

पत्र (संक्षेपात): माझे मिस्टर ५४ वर्षांचे, साखर पेठेत यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते. आठ महिन्यांपूर्वी छातीत आयसीडी बसवलं, म्हणजे हृदयाचा ठोका बिघडला की विजेचा झटका देऊन तो ताळ्यावर आणणारं मशिन. घरी ठेवायला मॉनिटर दिलाय, तो रात्री मशिनची माहिती दवाखान्यात पाठवतो. पण हे झोपताना त्याचा प्लगच काढून टाकतात. बोललं की अंगावर येतात. दिवाळीनंतर एकदा रात्री त्या मशिनचा झटका बसला, तेव्हापासून मी हॉलमध्ये चादर टाकून झोपते, पण जीव सगळा त्या प्लगपाशी. यांना कसं समजावू? – एक वाचक, सोलापूर

ताई,

तुमच्या मूळ पत्राच्या चार पानांत प्लगच प्लग आहे. हॉल एकाच ओळीत येऊन गेला. मी त्या ओळीवरच अडले.

हॉलमध्ये का झोपता? त्यांची झोप मोडू नये म्हणून, असं तुम्ही लिहिलेलं नाही. ‘तेव्हापासून’ असं लिहिलंय. पुन्हा झटका बसला आणि आपला हात त्यांच्या अंगावर असला तर आपल्यालाही करंट लागेल, ही भीती आहे ना? डॉक्टरांना विचारायला लाज वाटली असेल. तर ऐका. त्या क्षणी तुम्ही त्यांना धरलेलं असलं तर फार तर हाताला मुंग्या आल्यासारखं होईल. इजा होत नाही. भिंतीतल्या बोर्डाचा करंट वेगळा, हा वेगळा.

आता जरा त्यांच्याकडे बघा. छातीवर कुणी जोरात लाथ घालावी तसा तो झटका असतो, असं तो सोसलेली माणसं सांगतात. माणूस मरणाच्या दारातून परत आला आणि दुसऱ्या रात्री शेजारची उशी उचललेली. उभा जन्म मागांच्या खडखडाटात गेलेला माणूस, आता गप्प खोलीत मॉनिटरच्या मिणमिणत्या दिव्याशेजारी एकटा. ताई, मला तुमचा राग आला. त्यांच्या जागी मीही प्लग काढला असता.

प्लग काढल्याने छातीतलं मशिन बंद पडत नाही. ते स्वतःच्या बॅटरीवर चालतं, ठोका बिघडला की आपलं काम करतं. फक्त डॉक्टरांना खबर जात नाही. ती जायला हवीच. पण प्लग लावला तरी पलीकडे कुणी रात्रभर डोळ्यांत तेल घालून बसलेलं नसतं. एक झटका बसला आणि बरं वाटतंय, तर दवाखान्यात फोन करायचा. लागोपाठ दोन बसले, किंवा एकानंतरच चक्कर, धाप, छातीत दुखणं सुरू झालं, तर लगेच १०८. हे ओळखायला त्या खोलीत माणूस लागतो.

आयसीडीच्या आधी आलं पेसमेकर, हृदयाचे ठोके चालू ठेवणारं मशिन. ते शरीरात बसवलेले जगातले पहिले रुग्ण स्वीडनचे आर्ने लार्सन. १९५८ साली त्यांच्या बायकोने, एल्स-मारी यांनी, डॉक्टर आणि इंजिनिअरचा पिच्छाच पुरवला, म्हणून ते मशिन बसलं. पुढे वीसहून जास्त मशिनं बदलली, आणि लार्सन ८६ वर्षांचे होऊन २००१ साली गेले.

तुम्हाला कुणाच्या मागे लागायचं नाहीये. आज रात्री ती चादर झाडा, घडी घाला आणि आत न्या. प्लगचं नाव आठवडाभर काढू नका. हात त्यांच्या छातीवर ठेवून झोपा. आठ महिन्यांत टाके केव्हाच भरलेत, दुखणार नाही.