'नॅब' वापरताना सुरुवातीला एवढंच सांभाळ

इंग्रजीतलं 'नॅब' (nab) म्हणजे पकडणं, हे तुला बरोबर कळलंय. पण प्रत्येक पकडण्याला ते चालत नाही, आणि नवशिके नेमके इथेच घसरतात (मीही घसरलोय). चेंडू, बस, सर्दी यांना 'कॅच'च. 'नॅब'मध्ये झडप आहे. चोर रंगेहाथ सापडला की पोलिसांनी त्याला 'नॅब' केलं. गर्दीत खिडकीची जागा पटकन बळकावली, तरी 'आय नॅब्ड द विंडो सीट'.

- भूतकाळ लिहिताना 'बी' हे अक्षर दोनदा (nabbed).
- शब्द बोलीतला. आखूड म्हणून मथळ्यांचा लाडका, पण अर्जात किंवा अहवालात 'अरेस्ट'च लिही.

'किडनॅप'मधलं 'नॅप' याचंच भावंड. 'कॉलर', 'बस्ट', 'निक' या पकडण्याच्याच इतर बोली शब्दांच्या भानगडीत सध्या पडू नकोस.