दुर्बीण घ्या भाऊ, पण जूनच्या सेलमध्ये नको

आर्णी तालुक्यातल्या एका भाऊंचा मेसेज आलाय, लांबलचक आहे पण आकडे सगळे दिलेत त्यामुळे उत्तर द्यायला बरं पडतं. थोडक्यात असं की जिनिंगमध्ये हिशोबाचं काम, पगार १९ हजार, वहिनी अंगणवाडीत, घरची चार एकर कोरडवाहू, त्यात पराटी म्हणजे कापूस आणि तूर. पोरगी आठवीत. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी चिनी रॉकेटचे जळते तुकडे आपल्या विदर्भाच्या आभाळातून गेले आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला ती धातूची भली मोठी रिंग पडली, आठवत असेल सगळ्यांना, तेव्हापासून पोरीला आभाळाचा नाद लागलाय आणि आता दुर्बीण पाहिजे. ॲपवर सेल सुरू आहे. ८ इंची दुर्बीण (इंच म्हणजे आरशाचा व्यास) ४८ हजार, नो कॉस्ट ईएमआयवर महिन्याला ४ हजाराचे बारा हप्ते, एकदम भरले तर ४५,५००. खात्यात ४१ हजार आहेत, त्यातले ३० पेरणीचे. पोरीसाठी २ हजाराची एसआयपी सुरू आहे ती वर्षभर थांबवून हप्ता भरायचा विचार आहे. वहिनी म्हणतात साडेसहा हजारवाली घ्या, पोरीचा नाद किती दिवस टिकतो ते तर पाहू. मधात आणखी दोन आहेत यादीत, १३० एमएमची स्टँडवाली २४ हजाराला आणि ६ इंची डॉब, म्हणजे फिरत्या पेटीवरची दुर्बीण, ३२ हजाराला.

तर भाऊ, घ्या. ६ इंची घ्या, रोखीने घ्या आणि जानेवारीत घ्या. आता काऊन ते सांगतो.

पहिले ईएमआय. नो कॉस्ट म्हणजे फुकट नाही हे तुम्ही हिशोबाच्या कामात आहात म्हणजे तुम्हाला माहीतच असेल, पण आकडा काढून पाहिला का? बँक व्याज लावतेच, २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने शून्य टक्के व्याजाच्या स्कीम बंद करायला लावल्या तेव्हापासून मग हे असं चालतं की दुकानदार व्याजाएवढी सूट देतो आणि बँक तेवढं व्याज वसूल करते. वर्षाला १५ टक्के धरले तर तुमच्या ४८ हजारात व्याजाचे साधारण ३,७०० बसतात, ते दुकानदाराच्या सवलतीत जातात ठीक आहे, पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी तुमच्या खिशातून, ६६० च्या आसपास, वरून प्रोसेसिंग फी, म्हणजे नऊशेक रुपये झाले. आणि रोखीत जे अडीच हजार कमी होते ते गेलेच. एकूण ३,४००. हा काही जीव जायचा आकडा नाही, खरं सांगतो, तेवढ्यासाठी मी नाही म्हटलं नसतं.

मी नाही म्हणतो ते महिन्यांमुळे. जूनमध्ये डबा घरी येणार, मग जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर आभाळच बंद. चार हप्ते म्हणजे १६ हजार भरून होतील तोवर दुर्बीण खोक्यात. आरशाला दमट हवा मानवत नाही, भिंगावर बुरशी धरते, म्हणजे पैसे भरायचे आणि वरून सिलिका जेलच्या पुड्या बदलत बसायचं. आणि नेमके हेच चार महिने तुमच्याकडे पैसा नसतो. पेरणी, खत, डवरणी, निंदण, फवारणी सगळं ह्याच काळात, आणि पावसाने दडी मारली तर दुबार पेरणी, त्याचे बियाणं आणि मजुरी मिळून दहा-बारा हजार सहज जातात. तुमचे ४१ मधले ३० काढले की उरतात ११. ते ११ म्हणजे दुबार पेरणीचे, ते दुर्बिणीचे नाहीत. तुमच्याच हिशोबाने महिन्याकाठी सगळं जाऊन साडेपाच हजार उरतात आणि त्यात एसआयपीचे दोन धरलेत, म्हणजे मोकळे साडेतीन. हप्ता चारचा. एक महिना इकडचं तिकडे झालं की कार्डवाले जे व्याज लावतात ते मग पंधरा टक्के नसतं भाऊ.

आणि गंमत पाहा, आपण जूनमध्ये मृग लागायची वाट पाहतो, पण मृग लागतो म्हणजे सूर्य आभाळाच्या त्या भागात असतो, म्हणून मृगाच्या चांदण्या तेव्हा दिसतच नाहीत. मृग पाहायचा तो थंडीत, जानेवारीत संध्याकाळी जेवणं आटोपली की डोक्याकडे चढत असतो, तीन चांदण्यांचा बाण, त्याच्या खाली तलवार आणि त्या तलवारीत तो तेजोमेघ. ६ इंचीत २५ एमएमचा आयपीस, म्हणजे डोळा टेकवायचं भिंग, लावून तो पाहिला ना, चार बारीक चांदण्यांचा चौकोन आणि भोवती पंख पसरल्यासारखा राखाडी धूर. राखाडीच, फोटोतल्यासारखा गुलाबी नाही, हे पोरीला आधीच सांगून ठेवा नाहीतर पहिल्याच रात्री तोंड पाडून बसेल.

आता वहिनींची साडेसहा हजारवाली. त्यांचा मुद्दा चुकीचा नाही, नाद टिकतो का हे पाहायलाच पाहिजे, पण ही दुर्बीण नाद तपासत नाही, मारते. खोक्यावर ५२५ पट लिहिलंय म्हणता. नियम सोपा आहे, तोंडाचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या आणि दुप्पट करा, त्याच्यावर कितीही पट केलं तरी चित्र फक्त मोठं आणि गढूळ होतं. ही ७० एमएमची, म्हणजे १४० पट, आणि तेही हवा एकदम स्थिर असली तर. गॅलिलिओने १६१० मध्ये गुरूचे चार चंद्र साधारण वीस पटीच्या नळीतून शोधले, त्याला ५२५ लागले नाहीत. वरून ते प्लास्टिकचे ४ एमएमचे आयपीस, डोळा टेकवायला जागा नाही, आणि काडीसारखा ट्रायपॉड, फोकसचं चाक फिरवलं की चंद्र हलतो, हलून थांबेस्तोवर तो चौकटीतून निघून जातो. माझ्या एका क्लायंटकडे ओसरीत अशीच एक उभी आहे, एका पायाला सुतळी बांधलेली आणि वर टॉवेल वाळत असतो. पोरगं आता तिकडे पाहत पण नाही. विकायला काढली तर हजार रुपये कोणी देत नाही, त्यामुळे साडेसहा हजार म्हणजे पूर्ण खर्च धरा, चांगली डॉब मात्र जपून वापरली तर दोन-तीन वर्षांनी पण निम्म्याच्या वर पैसे परत मिळायला हरकत नसते, हौशी लोकांत जुन्या दुर्बिणी फिरत असतात.

१३० एमएमची २४ हजारवाली. आरसा वाईट नाही पण स्टँड पाहा, ते इक्वेटोरियल आहे, वजनं लटकवलेली. त्याचा एक दांडा ध्रुवाकडे लावावा लागतो. आपल्याकडे ध्रुव क्षितिजाच्या वर फक्त २० अंशाच्या आसपास, कारण आपला अक्षांशच तेवढा, म्हणजे गावात तो निंबाच्या मागे नाहीतर शेजाऱ्याच्या टिनाच्या मागे. अंगणात रोज ते जुळवत बसायचं, मग नळी अशी काही उलटी फिरते की आयपीस पोटाखाली येतो. पहिल्या दुर्बिणीला हा ताप कशाला.

डॉब म्हणजे काय तर खाली फिरणारी पेटी आणि वर नळी, हाताने ढकला आणि पाहा. ही बांधणी लोकांत नेली जॉन डॉब्सनने. सॅन फ्रान्सिस्कोत रामकृष्ण संघाच्या वेदांत आश्रमात संन्यासी होता हा माणूस, भंगारातल्या जाड काचा घासून आरसे करायचा, पुठ्ठ्याची नळी, प्लायवूडची पेटी, आणि फुटपाथवर येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून चंद्र दाखवायचा. म्हणजे मुळात ही कमी पैशात मोठा आरसा मिळावा ह्यासाठीच झालेली वस्तू आहे. तुमच्या पैशातला मोठा हिस्सा आरशात जातो, स्टँडच्या लोखंडात नाही, म्हणून मला ती पटते.

मग ६ की ८? हिशोबाने ८ इंचीत ६ पेक्षा साधारण पावणेदोन पट प्रकाश येतो, हे खोटं नाही. पण रोखीत धरलं तरी फरक साडेतेरा हजाराचा आहे, आणि वजन पण बरंच वाढतं, आठवीतल्या पोरीला एकटीने उचलून अंगणात नेता आली पाहिजे, नाहीतर दरवेळी बाबा कधी येतात ह्याची वाट. तुमच्याकडे जी गोष्ट आहे ती नागपूर-पुण्याच्या लोकांना पैसे देऊन मिळत नाही, ती म्हणजे अंधार. तुमच्या धुऱ्यावर ६ इंचीतून देवयानीची आकाशगंगा जेवढी पसरलेली दिसेल तेवढी नागपुरात गच्चीवर ८ इंचीतून दिसणार नाही. साडेतेरा हजार वाचवा.

पैसे असे जमवायचे. जुलैपासून बँकेत सहा महिन्यांची आरडी, महिन्याला २,५०० ची, साडेतीनातले एक हजार हाताशी ठेवा. डिसेंबरपर्यंत १५ हजार आणि वर थोडं व्याज. दिवाळीला बोनस ८ हजार मिळतो म्हणता, तो धरून २३. राहिले नऊ, अधिक दोन-तीन हजार वेगळे ठेवा, एक बारलो लेन्स (आयपीसची पट वाढवणारं भिंग) आणि पुढे एखादा बरा आयपीस लागतोच. हे बारा हजार कापसातून. पण कापसाचा पैसा आला की पहिला हात पीककर्जाला, तुम्ही ९० हजार उचललेत, ३ लाखापर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची सवलत आणि आपल्या राज्याची पंजाबराव देशमुख योजना मिळून व्याज शून्यावर येतं, मुदत चुकली की ती सवलत गेली. दुर्बिणीच्या पायी ते चुकवू नका. सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला, माल दिला तर पैसे खात्यात यायला थोडे दिवस लागतात ते पण धरून चाला. एसआयपीला हात लावायचा नाही, तो पैसा पोरीच्या बारावीनंतरचा आहे.

आणि कापूस बसला तर? डिसेंबरात उतारा पडला, भाव पडला, असं झालं तर दुर्बीण एक हंगाम पुढे, आरडीतले सहा-सात हजार काढून १० बाय ५० ची बायनोक्युलर घ्या. पुष्कळ लोक सगळ्यांनाच आधी बायनोक्युलर घ्या म्हणतात, मी तुम्हाला पहिले ते सांगितलं नाही कारण १० पटीत शनीची कडी दिसत नाहीत आणि पोरीला तीच पाहायची आहेत, पण दुसरा पर्याय म्हणून ती उत्तम, कृत्तिका तर त्यातच जास्त छान दिसतात. शनीची घाई नाही. मार्च २०२५ मध्ये त्याची कडी आपल्याला काठावरून दिसत होती, म्हणजे जवळजवळ गायब, आता वर्षागणिक ती उघडत जातील आणि २०३२ च्या सुमारास सगळ्यात जास्त उघडी असतील. थांबून इथे नुकसान काहीच नाही, सेल पण दिवाळीला येतो, २६ जानेवारीला येतो.

तोवर पोरीला फोनवर स्टेलॅरियम टाकून द्या, फुकट आहे. ऑक्टोबरमध्ये आभाळ मोकळं झालं की बाजेवर पडून तिला दहा-पंधरा तारे नुसत्या डोळ्यांनी ओळखता आले पाहिजेत, व्याध, रोहिणी, ब्रह्महृदय वगैरे. नादाची परीक्षा घ्यायची तर ही घ्या, वहिनींना पण सांगा, ह्याला साडेसहा हजार लागत नाहीत. तीन महिने तिने हे केलं नाही तर मग माझ्याकडून पण दुर्बीण रद्द, आरडी मोडू नका, एसआयपीत टाका.

ऑर्डर करताना पिनकोड टाकून डिलिव्हरी गावापर्यंत आहे का आर्णीपर्यंत ते पाहा, खोकं उघडताना व्हिडिओ काढा, आरसा फुटून आला तर तोच पुरावा. आरशाचं अलाइनमेंट कधीमधी करावं लागतं, दहा मिनिटांचं काम आहे, घाबरू नका. आणि सूर्याकडे कधीच नाही, आयपीसला लावायचा तो काळा सोलर फिल्टर सोबत आला तर सरळ कचऱ्यात, तो उन्हाने तडकतो आणि डोळा जातो.

शेवटी तुम्ही एका ओळीत उरकलेली गोष्ट. विम्याची पॉलिसी, वर्षाला १२ हजार प्रीमियम, कव्हर २ लाख. घरात कमावते तुम्ही, डोक्यावर पीककर्ज, आणि कव्हर २ लाख? दुर्बिणीपेक्षा मला ह्याची जास्त काळजी वाटली. पॉलिसी कोणत्या वर्षी घेतली, मुदत किती आणि आतापर्यंत किती हप्ते गेले एवढं लिहून पाठवा, सरेंडर करायची (मोडून पैसे घ्यायचे) का पेडअप करायची (पुढचे हप्ते बंद करून कमी कव्हरवर चालू ठेवायची) ते मग पाहू, तोपर्यंत यंदाचा प्रीमियम भरू नका असं मात्र मी म्हणत नाहीये, तारीख जवळ असेल तर भरा.